रोजनिशी : एका माणसाचे कागद, अनेक मुलांचे पुरावे

रविवार, रात्री.

गेले काही दिवस प्रेमिस्ल पिटर या, निराधार मुलांना सांभाळणाऱ्या चेक गृहस्थांविषयी वाचते आहे आणि बालगृहातील मुलांच्या नस्त्या सांभाळण्याचे काम करत असल्यामुळे त्यांच्या कागदपत्रांचा विचार मनातून जात नाही. त्यांचा आणि त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी, स्वित्झर्लंडच्या ओल्गा फिएर्त्स यांचा पत्रे, छायाचित्रे, हस्तलिखिते यांचा संग्रह प्राग येथील, कोमेनियस या जुन्या चेक शिक्षणतज्ज्ञांच्या नावाच्या शैक्षणिक संग्रहालयात जपून ठेवला आहे. हे कागद पिटर यांचे खासगी कागद म्हणून ओळखले जातात. पण त्यांवर पहिला हक्क त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांचा आहे, असे मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागले आहे.

पिटर यांचा जन्म 1895 चा, प्रागमधला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा तरुण स्वतःहून ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाला आणि आघाडीवर जे पाहिले त्याने तो पुरता बदलून परतला. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, प्रवचने दिली, युद्धविरोधी नियतकालिक चालवले. झिझ्कोव या प्रागच्या कामगारवस्तीतील मुलांसाठी त्यांनी उभारलेले मिलिच भवन 1933 च्या नाताळात सुरू झाले. जर्मन ताब्याच्या काळात ते गुपचूप ज्यू कुटुंबांना अन्न पोहोचवत राहिले. त्यासाठी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बोलावले असता त्यांनी काहीही नाकारले नाही, आणि तरीही ते सुटले.

मात्र माझे मन खिळले ते 1945 वर. युद्ध संपताच त्यांनी प्रागजवळचे चार वाडे मिळवले : श्टिरझिन, ओलेशोविट्से, कामेनिट्से आणि लोयोविट्से. मे महिन्यात तेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली ज्यू मुले तिथे आणली गेली. त्यानंतर जर्मन नागरिकांना डांबलेल्या छावण्यांची पाहणी करताना त्यांना तिथली जर्मन मुले दिसली, उपाशी आणि आजारी, आणि ज्या देशात जर्मन म्हटले की लोकांचे रक्त उसळत होते त्या देशात त्यांनी या मुलांनाही त्याच वाड्यांत, त्याच काळजीने ठेवले. 1947 पर्यंत अशी 810 मुले तिथे राहून गेली. एका जेवणघरात छळछावणीतून आलेले मूल आणि छळ करणाऱ्यांच्या भाषेत बोलणारे मूल शेजारी बसवायला किती मोठे धैर्य लागले असेल! आमच्याकडे दोन वेगवेगळ्या गावांची मुले एका खोलीत ठेवतानाही आम्हाला चार वेळा विचार करावा लागतो.

त्या मुलांपैकी एक येहुदा बेकन. ऑस्ट्रावा येथे 1929 साली जन्मलेला हा मुलगा आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीतून वाचून पिटर यांच्याकडे आला. 1945 मध्ये त्याने कोळशाने काढलेले एक चित्र आहे : छावणीतल्या प्रेते जाळण्याच्या भट्टीच्या धुराड्यातून धूर वर चढतो आहे आणि त्या धुरातच त्याच्या वडिलांचा चेहरा उमटला आहे, आणि खालच्या कोपऱ्यात वडील गेले तो दिवस आणि ती वेळ, 10 जुलै 1944, रात्रीचे दहा, अशी नोंदवली आहे. सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मृत्यूची नोंद स्वतःच्या हाताने केली, कारण त्याच्यासाठी ती करणारे दुसरे कोणी नव्हते. हाच मुलगा पुढे इस्राएलमध्ये नामवंत चित्रकार झाला आणि 1961 मध्ये, ज्यूंच्या संहारात मोठा वाटा असलेल्या आइखमन या नाझी अधिकाऱ्याच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला. माणसांवरचा विश्वास आपल्याला पिटर यांच्यामुळे परत मिळाला, असे तो पुढे आवर्जून सांगत असे.

म्हणूनच या कागदांना मी निव्वळ एका थोर माणसाचे चरित्रसाधन मानू शकत नाही. ज्याचे घर, आईवडील, शाळा सगळे गेले, त्याला आपण अमुक वर्षी अमुक वाड्यात होतो, आपल्याला कोणी जेवू घातले, कोणी औषध दिले, हे सांगणारा कागद म्हणजे त्याच्या बालपणाचा दाखला असतो. पिटर यांना 1951 मध्ये साम्यवादी राजवटीमुळे देश सोडावा लागला, पुढे न्यूर्नबर्गजवळच्या वाल्का छावणीत त्यांनी निर्वासितांसाठी काम केले, आणि 1976 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. इतक्या उलथापालथीनंतर हे कागद प्रागलाच वाचता येतात याचे मला फार समाधान वाटते.

आमच्या नस्तीत आदेशाची प्रत असते, वैद्यकीय तपासणी असते, गृहचौकशीचा अहवाल असतो. मुलाने स्वतः काढलेले किंवा लिहिलेले काही त्यात क्वचितच आढळते. ते भिंतीवर लागते आणि रंगकामाच्या वेळी फेकले जाते. उद्या अधीक्षिकाबाईंना भेटून विचारणार आहे की प्रत्येक नस्तीला एक वेगळे पाकीट जोडून त्यात मुलांचे असे कागद तारीख घालून ठेवता येतील का, आणि मूल संस्थेतून बाहेर पडताना ते पाकीट त्याच्या हाती देऊन त्याची प्रत आपल्याकडे ठेवता येईल का.