शिकवता कधी, असं तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभेत, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, वसईतल्या पापडीच्या बाजारात, एकदा तर मयताच्या घरी ओटीवर बसलेली असताना मला हा प्रश्न आला आहे. "टीचर, मुलांचं मन सांभाळता ते ठीक, पण शिकवता कधी?" विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी असतात, माझा सख्खा भाऊही असतो. दर वेळी मी अर्धवट काहीतरी बोलते आणि घरी येऊन चिडते. म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

आधी हिशेब. यंदा माझ्या तिसरीत ३८ मुलं आहेत. प्रत्येक मूल आठवड्यातून एकदा माझ्या टेबलाशी येतं आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचतं. एकाला चार मिनिटं धरली तरी १५२ मिनिटं होतात, म्हणजे अडीच तास. परिपाठानंतरची वेळ, छोट्या सुट्टीतली पाच-दहा मिनिटं, कार्यानुभवाचा तास, असं जोडून जोडून मी ते काढते. तेवढ्या वेळात बाकीची मुलं जोडीजोडीने गणितं सोडवतात. त्यांचा गलका होतो आणि व्हरांड्यातून जाताना तुमच्या कानावर नेमका तोच पडतो. तुम्हाला वाटतं वर्ग मोकाट सुटलाय. अहो, ते माझं शिकवणंच आहे. चार मिनिटांत मला कळतं की कोण जोडाक्षराशी अडतं, कोण न खाता आलंय, कुणाच्या घरी रात्रभर भांडण चाललं होतं. उपाशी मुलाला मी आधी खिचडीच्या भांड्याकडे पाठवते, धड्याकडे नंतर. यात वेळ जातो, हे मला मान्य आहे.

वर्गासमोर उभं करून मी कुणालाही वाचायला लावत नाही. तुमचा सगळ्यात जास्त राग यावर आहे. "आमच्या वेळी उभं राहून वाचायचो, म्हणून भीड चेपली." तुमची चेपली असेल. ज्यांची चेपली नाही, ते मला हे सांगायला येत नाहीत.

मी पूर्वी अशी नव्हते, हे तुम्हीच मला आठवण करून देता. खरं आहे. माझी मुलं तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची. माझ्या हाताखालून गेलेली मुलं चौथीला शिष्यवृत्तीच्या यादीत यायची, आणि मी ती यादी जपून ठेवायची. माझ्या टेबलावर छडी असायची. फार वापरली नाही असं मी बरीच वर्षं सांगत आले. पण टेबलावर असायची.

२००३ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगणार नाही, आळीही नाही. वडील दुसऱ्याच्या वाडीत पानवेलीच्या कामाला जायचे. घरी सगळे कादोडी ही इकडची बोली बोलायचे आणि शाळेत मी पुस्तकातली मराठी. तो बोलायचा कमी, पण वाचायला उठवला की खणखणीत वाचायचा. जूनपासून मी त्याला शाबासकी देत होते. सप्टेंबरात एकदा तो वाचत असताना मी त्याच्या बाकाशी उभी होते. त्याचं बोट ओळीवरून सरकत होतं. बोट चित्राखालच्या ओळीवर होतं आणि तोंडातला शब्द दोन ओळी पुढचा होता. मी हात पुढे केला आणि पान उलटलं. तो थांबला नाही. बोट नव्या पानावर, डोळे नव्या पानावर, आणि म्हणत होता मागच्याच पानावरचं. एकही शब्द न चुकता. मोठी बहीण संध्याकाळी त्याला धडा वाचून दाखवायची आणि तो ऐकून पाठ करायचा, हे मला मागाहून कळलं.

आठ वर्षांच्या पोराने धड्यामागून धडे नुसत्या कानांनी उचलले होते. आज मला त्या कष्टांचं मोल कळतं. तेव्हा फक्त राग आला. चार महिने याने मला फसवलं, एवढंच डोक्यात होतं. मी त्याचं पुस्तक उचलून वर्गाला दाखवलं आणि विचारलं, "हा कुठलं पान वाचतोय, सांगा बघू?" मुलं हसली. मी हसू दिलं. मग म्हणाले, "याला वाचणं म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात. हे खोटं बोलणं आहे." मधल्या सुट्टीपर्यंत तो व्हरांड्यात उभा होता.

रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्गही तेव्हा माझ्याकडेच होता. त्याच्या तुकडीचा त्या वर्षी पहिला कम्युनियन होता, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायची होती, त्यामुळे पहिल्या कन्फेशनची, फादरांपाशी पापं कबूल करायची, तयारी चालली होती. देवाच्या दहा आज्ञांतली एकेक घ्यायची आणि आपण ती कुठे मोडली ते मुलांनी मनात आठवायचं. मुलांची पापं ठरलेली असतात. आईला उलटून बोललो, बहिणीला मारलं, शेजारच्या वाडीतले पेरू काढले. वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला. त्याच्या चपलेचा पट्टा तुटला होता, ती चप्पल हातात धरून उभा होता. म्हणाला, "टीचर, वाचता न येणं कुठल्या आज्ञेत येतं?"

मोठ्या मिस्साची घंटा झाली होती आणि मला गायनाला उभं राहायचं होतं. मी म्हणाले, "आठव्या."

खोटी साक्ष देऊ नको, ती आठवी. त्याने मान हलवली. त्याला ते लिहून घेता येणार नव्हतं, म्हणून दारापर्यंत "आठवी, आठवी" म्हणत गेला.

त्याने फादरांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. पण ते पाप त्याच्या हातात मी दिलं होतं.

तुम्हाला वाटेल त्या दिवशी मी बदलले. नाही बदलले. पुढची कितीतरी वर्षं मी तशीच शिकवत राहिले. तो मागच्या बाकावर गेला, वर ढकलला गेला आणि सातवीनंतर शाळेत दिसला नाही. मी बदलले ते एका प्रशिक्षणात. तिथल्या बाईंनी अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, समजावताना अशा मुलाचं वर्णन केलं की जो ऐकून पाठ करतो आणि ज्याचं बोट शब्दाशी जुळत नाही. मी वही मिटून बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले.

आता कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, ओळखायला डाली नावाची चाचणी तयार केली आहे, आणि ती मराठीतही आहे. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला देऊन त्याची परीक्षा करण्यात काही अर्थ नव्हता. २००३ मध्ये यातलं काही माझ्या हाताशी नव्हतं. ही सबब आहे का? थोडी आहे. हसणाऱ्या वर्गाला गप्प करायला कुठल्या चाचणीची गरज नव्हती. आणि त्याला डिस्लेक्सिया होता की माझी मराठीच त्याला परकी होती, हे मला आजही सांगता येत नाही. मी कधी त्याच्या बोलीत त्याला एक वाक्य विचारलं नाही. मला ती बोली येते. माझ्या आईची तीच.

मागे एक पालक म्हणाले, "टीचर, आपली अल्पसंख्याकांची शाळा. शिक्षण हक्क कायदा आपल्याला लागू नाही, मग एखादी चापट मारली तर कोण विचारतंय?" २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना २००९ च्या त्या कायद्यातून वगळलं, हे त्यांचं बरोबर होतं. त्या कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. पण संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालवायचा हक्क दिला, तो आपली लेकरं आपल्या पद्धतीने जपता यावीत म्हणून. चापटीसाठी तो हक्क वापरायचा? मी त्यांना हे तोंडावर म्हणाले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तुमचंही थोडं खरं आहे, तेही लिहिते. यंदा माझ्या वर्गात बाराचा पाढा न अडखळता म्हणणारी मुलं निम्मीसुद्धा नाहीत. अक्षरं वाईट झाली आहेत. माझा एक जुना विद्यार्थी, आज चांगल्या हुद्द्यावर आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "टीचर, तुमच्या धाकामुळे घडलो." त्याला मी खोटं कसं ठरवू? रात्री पडल्यावर जुनी मी मला विचारते, एका पोराच्या पश्चात्तापापायी सगळा वर्ग ढिला केलास ना? कधी मी तिच्याशी भांडते. कधी उठून वहीत पाढ्यांचा तास वाढवते.

त्या रविवारचं मी फादरांपाशी कबूल केलं आहे, एकदा नाही, तीनदा. त्याच्यापाशी अजून नाही. तो इथेच राहतो. सणाच्या मिस्साला डावीकडच्या बाकांत असतो, गीतांचं पुस्तक उघडून धरतो आणि प्रत्येक गीत शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतो. मी मान वळवून त्याच्या पानाकडे पाहत नाही.