चेसापीकवर शीड आणि गळ

दिवाळीला अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या पुणेकरांपैकी ज्यांचं घर मेरीलँडमध्ये, त्यांना चेसापीक उपसागरावर बोटीतून फिरण्याचं आमंत्रण हमखास येतं. खडकवासल्याला शीड हाताळलेलं असलं तरी हे पाणी वेगळं आहे. लांबी सुमारे 320 किलोमीटर, सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. त्यामुळे वारा 15 नॉटच्या (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वर गेला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट सारखी आपटते. शीड लहान करायचं ते त्याआधीच.

भरती-ओहोटी कोकणासारखी नाही, मेरीलँडची राजधानी अनापोलिसला फूटभर. इथे पाण्याची पातळी वारा ठरवतो. वायव्येचा गार वारा दोन दिवस लागला की वरच्या भागातलं पाणी दक्षिणेकडे लोटलं जातं आणि नकाशातल्या खोलीवर विसंबलेली बोट चिखलात रुतते.

या दिवसांत धरायचा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. स्थानिक लोक त्याला रॉकफिश म्हणतात. मांस पांढरं, घट्ट, जिताड्याच्या जवळ जाणारं. पाणी गार होऊ लागलं की मेनहेडन, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, थव्याने खाली दक्षिणेला निघतात. बास त्यांना खालून वर रेटतात, वरून सीगल तुटून पडतात. पक्षी दिसले की बोट थेट मध्ये घालणारे नवखे. माशांचा थवा बुडी मारतो आणि खेळ संपतो. कडेकडेने जावं, मोठे मासे बहुधा खालच्या थरात असतात.

खरी गंमत, आणि खरी पंचाईतही, शीड आणि गळ एकत्र सांभाळण्यात आहे. बोट सहा नॉटने पळाली तर आमिष पाण्यावर उड्या मारतं. हवेत तीन ते चार नॉट. म्हणून पुढचं शीड, जिब, गुंडाळायचं आणि फक्त मोठ्या शिडावर, मेनसेलवर, चालायचं. प्रत्येक बाजूला गळाचा एकच दोरा, 25 ते 30 मीटर मागे. वारा बाजूने घ्यावा, पाठीवर नको. मासा लागला की मेनसेलचा दोर सैल सोडायचा. बाजूच्या वाऱ्यात शीड फडफडतं आणि बोट मंदावते. वारा पाठीमागून असेल तर शीड दोरखंडांना टेकून राहतं, बोट थांबतच नाही. मासा वाऱ्याकडच्या बाजूने खेळवा. बोट वाऱ्याबरोबर सरकते, त्यामुळे दोरा बुडाखाली जात नाही. या वेळी बोट वळवलीत तर दोरा सुकाणूत अडकलाच म्हणून समजा.

जिवंत किंवा कापलेलं आमिष लावणार असाल तर बासला सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, लागतो, तसा नियम आहे. तिथे आपली सवय आड येते. झटका द्यायचा नाही. दोरा ताणू द्या, हळू गुंडाळा. गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. झटका दिला की तोंडातून निघून येतो.

16 वर्षांपासून पुढे परवाना लागतो. 2024 पासून उपसागरात माणशी दिवसाला एकच बास, तोही 19 ते 24 इंचांचा. आकडे बदलत राहतात, निघण्यापूर्वी मेरीलँड राज्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मोठा मासा सोडायचा असला तर ओल्या हातांनी धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो.

खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे सगळीकडे असतात. संध्याकाळी उन्हाच्या तिरिपीत ते दिसत नाहीत. त्याचा दोर सुकाणूला गुंतला तर इंजिन अजिबात सुरू करू नका, पंख्याला आवळून बसेल. शीड सैल करा आणि लांब हुकाच्या काठीने सोडवा.

लाइफ जॅकेट अंगावरच हवं, बोटीच्या केबिनमध्ये नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवा 20 अंश असली तरी पाणी 13-14 अंशांवर आलेलं असतं. अशा पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात धाप लागते, पोहता येणाऱ्यालाही.

मासा लगेच बर्फात घाला, पण काठावर पोचेपर्यंत अख्खाच ठेवा. तपासणीत लांबी दाखवता आली पाहिजे. साफ करताना कातडीलगतची गडद लाल पट्टी काढून टाका, वास तिलाच असतो. मग आगळ, हळद, मीठ.