आईला पुण्याला आणायचं का?

रविवार, रात्र

आज दादाकडे परत तोच विषय, आईला कायमचं पुण्याला आणायचं का. डॉक्टर म्हणालेत एकटं ठेवू नका, गुडघे गेलेत, बीपी आहे, मध्ये न्हाणीत पाय घसरला तेव्हा नशीब हाड मोडलं नाही. सगळं खरंय. पण एवढी चर्चा चालू असताना आई आतल्या खोलीत बसून होती आणि तिला कुणी विचारतच नव्हतं! शेवटी मीच आत गेले. म्हणाली, "तुमच्याकडं काही कमी नाही गं, पण दिवस जात नाही."

बरोबर आहे तिचं. गावाहून ती एसटीने एकटी वाईला जाते, 75 च्या पुढच्यांना 2022 पासून तिकीट माफ झालंय तेव्हापासून तर कुणाकडे पैसेही मागत नाही, औषधं आणते, पासबुक भरून आणते. इथे चौथ्या मजल्यावरून खाली उतरायलाही सोबत लागते. आणि वहिनी? आई आली तर सगळ्यात जास्त तिचा दिवस बदलणार, तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

तर सध्या आई गावीच. न्हाणीत भिंतीला धरायला दांडे, पाटाऐवजी खुर्ची (पाटावरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो), कमोड, रात्री सोबतीला शेजारच्या काकू, पण पैसे देऊन, ओळखीत फुकट नको. दादा वय वंदना कार्ड काढतोय, 70 च्या वरच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते आत्ताच विचारून ठेवायला हवं, ऐन वेळी रात्री कोण विचारत बसणार.

घर आत्ताच मुलांच्या नावावर करा असं एक नातेवाईक म्हणाले, मला अजिबात पटलं नाही. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, मुलांनी सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने परत मिळवता येतं, पण त्या वयात प्रांत ऑफिसच्या चकरा मारायच्या का तिने? मृत्युपत्र करू दे, ते हयातीत कधीही बदलता येतं.

अंथरुणाला खिळले तर मात्र पुण्याला येईन, हे आईने स्वतःच कबूल केलं. पण तेव्हा माझ्याकडे राहणार म्हणाली, दादाकडे नाही. दादा काही बोलला नाही, पण त्याला लागलंय ते. उद्या फोन करते त्याला.