काकांनी हात ओळखला

अंधेरीच्या स्टुडिओत मी रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे. त्या दुपारी कॉलेजची चार मुलं स्वतःचं गाणं घेऊन आली होती आणि माइक लावायच्या आधीच त्यांच्यात जुंपली. गाण्याला ध्रुवपद नव्हतं. लोक गुणगुणणार काय?

मी आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचं 'लूझिंग माय रिलिजन' लावलं. त्यालाही ध्रुवपद नाही, सुरुवात मँडोलिनने होते. पुढच्या सेशनचे मँडोलिनवाले काका लवकर येऊन मागे बसले होते. त्यांची सगळी हयात हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेली. रॉकशी काडीचा संबंध नाही. पहिल्या सुरांनाच ते पुढे सरकले. "परत लाव रे." परत ऐकून म्हणाले, "हा मँडोलिनचा माणूस नव्हे. गिटारचा हात आहे, आणि वाद्य नुकतंच घेतलंय."

मी थक्क झालो. ते वाजवणारे पीटर बक हे बँडचे गिटारवादकच. मँडोलिन नवं होतं, टीव्ही बघत सराव चालायचा आणि शेजारी टेप सुरू असायची. नंतर टेप ऐकताना त्या सगळ्या खटपटीत ही धून सापडली. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"कसं ओळखलंत?"

त्यांनी मँडोलिनची पेटी उघडली. "सूर लांबवायचा तर आम्ही ट्रेमोलो करतो, जोडतारांवर पिक फिरतं ठेवतो. हा सूर छेडतो की लगेच झणकन कॉर्ड. सूर विझला तर विझू देतो." मग तीच धून त्यांनी ट्रेमोलोत वाजवली. फार गोड वाजली, पण मूळ गाण्यातली तगमग गेली. काकाच म्हणाले, "बिघडवलं मी."

मुलं गप्प झाली होती. मग मी मला सर्वात आवडणारी जागा ऐकवली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं तेव्हा वर मँडोलिन, खाली बँडच्या माइक मिल्स यांचा बास आणि मध्ये पोकळी, अशी अडचण होती. ती पोकळी साथीला आलेल्या पीटर होल्सॅपल यांच्या अकूस्टिक गिटारने भरली. गिटार वेगळी ऐकू येत नाही, पण ती नसती तर गाणं उभं राहिलं नसतं. व्हायोलिन-चेलो नंतर अटलांटात चढले. गायक मायकेल स्टाइप यांनी मात्र एकाच टेकमध्ये गाऊन टाकलं, आणि तो धपापता श्वास मला आजही ताजा वाटतो. असं गाणं अल्बममधलं पहिलं म्हणून बाजारात आणायला रेकॉर्ड कंपनी बिचकत होती. १९९१ मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. जालंधरच्या तरसेम सिंग यांनी त्याचा व्हिडिओ केला, त्याला एमटीव्हीने वर्षातला सर्वोत्तम ठरवलं.

"पण ध्रुवपद नाहीच ना," गाणारा मुलगा अडून बसला.

"कोण म्हणतं नाही?" काका म्हणाले. "गाणारा म्हणत नाही. वाद्य म्हणतंय."

मुलांनी गाणं जसंच्या तसं ठेवलं. आम्ही आधी गिटारचा सुरुवातीचा तुकडा मुद्रित केला आणि काकांचं सेशन तासभर उशिरा सुरू झालं.