कुंदा

डॉक्टरांनी पेन पुढं धरलं. "हे काय गं?"

"कुंदा," भाची म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. बेळगावची पोर, तिला पेनातही तिथली मिठाई, कुंदाच दिसणार! डॉक्टर मात्र हसले नाहीत. पेन खिशात ठेवून म्हणाले, "अशी कधीपासून बोलतेय?"

काल रात्रीपासून. परवा खानापूरहून आली ती ताप-खोकला घेऊनच. फ्लू, घरात सगळ्यांनाच झालेला. रात्री काहीबाही बोलायला लागली तेव्हा आई म्हणाली, "तापात बरळायलीय पोर, झोपू दे की." आम्ही झोपू दिलं. सकाळी उठवलं तर धड उठेना.

मेंदूला सूज. डॉक्टर अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत समजावत होते. फ्लूत हे क्वचितच होतं, पण झालं तर बहुतेक लहान मुलांना, आणि ताप आल्यावर दोन-तीन दिवसांतच. विषाणू मेंदूत शिरलेलाच असतो असं नाही. त्याच्याशी लढताना शरीरच इतका गोंधळ घालतं की मेंदू सुजतो. गोवरात तर साधारण १००० मुलांत एकाला होतं म्हणे. झटके, न उतरणारी गुंगी, घरच्यांना न ओळखणं, असलं काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही.

आम्ही बघितली होती.

आज संध्याकाळी तिनं पेन ओळखलं. वर "बॉलपेन" अशी दुरुस्तीही केली. आई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसलेली.

तुमच्याकडं तापात बरळणाऱ्या पोराला हलवून जागं करतात, की झोपू देतात?