तुम्ही विचारलंत म्हणून: हेडफोनला अ‍ॅम्प लागतो का?

“सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन घेतोय, ३०० ओहमचा आहे. अ‍ॅम्प कुठला घेऊ?” आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. कुठला अ‍ॅम्प (सिग्नलला जोर देणारं यंत्र), हे विचारतात. घेऊ का, हे कुणी विचारत नाही. मी उलट विचारलं की ऐकता काय, तर उत्तर येतं, “सगळंच.” मग मी काहीतरी सांगतो, ते समाधान न झाल्यासारखे निघून जातात आणि मीही वैतागतो. आज एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आधी ओहमची, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या आकड्याची, भीती. ओहम जास्त म्हणजे हेडफोन वाजवायला जड, हा समज कुठून आला कोण जाणे. आवाज किती होणार हे संवेदनशीलतेवर ठरतं, आणि तिथेच कंपन्या गोंधळ घालतात. कुणी १ व्होल्टला किती डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी) ते छापतं, कुणी १ मिलिवॉटला किती ते. एचडी ६५० वर छापलेलं असतं १०३ डीबी, १ व्होल्टला. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रो हेडफोनची २५० ओहमची आवृत्ती ९६ डीबी, पण १ मिलिवॉटला. व्होल्टमध्ये आणायचं तर १००० भागिले ओहम, त्याचा लॉग, गुणिले १०, आणि येईल ते मिळवा. डीटी ९९० मग १०२ वर येतो, म्हणजे दोघे जवळपास सारखेच. हायफायमनचा सुंदरा ३७ ओहम, ९४ डीबी, तेही १ मिलिवॉटला. तो व्होल्टच्या हिशोबात १०८ च्या वर जातो. तेवढ्याच व्होल्टला तो जास्त मोठा वाजेल, फक्त करंट जास्त खाईल: १ व्होल्टला २७ मिलिअँपिअर. एचडी ६५० ला साडेतीन पुरतात. खरोखर जड म्हणजे हायफायमनच्याच एचई-६ सारखा, ५० ओहम आणि १ मिलिवॉटला ८३.५ डीबी. त्यातून ११० डीबीची शिखरं हवी असतील तर साडेचार व्होल्टच्या वर आणि शंभरेक मिलिअँपिअर लागतात. त्याला अ‍ॅम्प लागतोच, त्यात वाद नाही. पण तुम्ही एचई-६ घेत नाही आहात.

आता तुमचा हिशोब. निवांत ऐकण्याची सरासरी पातळी ७५ डीबी धरा. तबल्याची थाप, तिहाईचा शेवट अशा जागा त्याच्या २० डीबी वर धरा, म्हणजे ९५. एचडी ६५० ला त्यासाठी लागतात ०.४ व्होल्ट. अ‍ॅपलचं ते फोनला लावून हेडफोन जोडायचं नखाएवढं डॉंगल, त्याची अमेरिकेत मिळणारी आवृत्ती, १ व्होल्ट देते. युरोपातली निम्मंच देते, हे घेताना बघा. अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज बऱ्याचदा पूर्ण वर जातच नाही. तिथे २ व्होल्टचं दुसरं एखादं डॉंगल घ्या.

इथे थांबलो तर मी अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता का? ती १० डीबीने हळू असणं काही विशेष नाही. त्यांना ०.४ चे सव्वा व्होल्ट होतात. त्यावर ईक्यूने, म्हणजे इक्वलायझरने, खालचा बास ६ डीबी चढवलात, तर आवाज फाटू नये म्हणून ईक्यूतली एकूण पातळी, म्हणजेच प्रीअ‍ॅम्प ६ डीबी खाली घ्यावा लागतो आणि सव्वाचे अडीच होतात. आता २ व्होल्टचं डॉंगलही कमी पडलं. अ‍ॅम्पचं काम हे: हळू ध्वनिमुद्रण, ईक्यू आणि अवजड हेडफोन. आवाजात ‘जान’ आणणं हे त्याच्या कामांत नाही.

हे मी पूर्वी असं म्हणत नव्हतो, हे मान्य. चार वर्षांपूर्वीचा मी म्हणायचा, “आधी अ‍ॅम्प नीट घे, हेडफोन त्याच्यावर खुलतो.” खुलतो! या एका क्रियापदावर मी एका मित्राला तीस हजारांचा अ‍ॅम्प घ्यायला लावला. तो भोगतोय त्याची फळं, आणि ज्या संध्याकाळी माझं म्हणणं मोडलं तेव्हा नाणं उडवायला तोच बसला होता.

मांडणी सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. डॉंगलमधून निघालेला सिग्नल दोन वाटांना फोडायचा. एक वाट थेट स्विचच्या डबीला, दुसरी मित्राच्या अ‍ॅम्पच्या लाइन इनपुटला आणि तिथून त्याच डबीला. डबीतून हेडफोन. अ‍ॅम्पचं इनपुट काही हजार ओहमचं असतं, त्यामुळे डॉंगलवर त्याचा भार पडत नाही. बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांचे निगेटिव्ह वेगळे) असलं तर ही डबी वापरायची नाही. त्याचे दोन्ही निगेटिव्ह एकत्र जोडले गेले तर अ‍ॅम्प जळू शकतो. मग ४०० हर्ट्झचा सलग सूर लावायचा आणि हेडफोन जोडलेला ठेवूनच मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजायचे. ४०० च का? साधे मल्टिमीटर त्याच्या फार वर खोटं बोलतात, आणि १०० च्या आसपास एचडी ६५० चा ओहम स्वतःच उंचावलेला असतो. थेट वाटेवर ०.५०० व्होल्ट आले तर अ‍ॅम्पचा नॉब फिरवून तेवढेच आणायचे, ५ मिलिव्होल्टच्या आत. हा फरक ०.१ डीबीच्या आत बसतो.

मोजण्याआधी मी कानाने आवाज जुळवला होता. मीटरने दाखवलं, अ‍ॅम्पच्या वाटेवर ०.५९. जवळजवळ दीड डीबी. दीड डीबी जास्त असलेला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘मोकळा’ वाटतो, ‘भरलेला’ वाटतो. माझी चार वर्षांची सगळी विशेषणं त्या ०.०९ व्होल्टमध्ये होती.

नीट जुळवून मग १६ वेळा ऐकलं. नाणं मित्र उडवायचा, स्विच तोच फिरवायचा, आणि मी पाठ करून बसलेला. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते, म्हणून १२ ची रेघ आधीच ठरवली होती. माझे ९ आले. मित्र काहीच बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. थोड्या वेळाने म्हणाला, “तुझा तो ट्यूबवाला पण लाव ना.”

ट्यूबवाला म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा माझा अ‍ॅम्प, ओटीएल, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. त्याचा स्वतःचा आउटपुट ओहम १२० च्या घरात. त्याच रीतीने मोजून जुळवला. १६ पैकी १५. एकदा चुकलो तेही घाईने.

यात जादू काही नाही. एचडी ६५० चा ओहम सगळीकडे ३०० नसतो, ७० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो ५०० च्या आसपास चढतो. समोर १२० ओहम बसले की व्होल्ट वाटले जातात: ३०० च्या जागी हेडफोनला ७१ टक्के मिळतात, ५०० च्या जागी ८१. म्हणजे त्या पट्ट्यात साधारण १ डीबीचा उंचवटा. आणि तिथे काय राहतं? काळी एकला गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर, आणि बायाँचा घुमारा त्याच्याच शेजारी. ख्याल ऐकणाऱ्याला ओटीएल का भुलवतो ते यात आलं. पण हा उंचवटा ईक्यूच्या एका फिल्टरने फुकट मिळतो. मग मी ओटीएल विकला का? नाही. याचं समर्थन करायला मला सांगू नका.

तोच ओटीएल सुंदराला लावू नका मात्र. प्लेनारचा, म्हणजे सुंदरासारख्या सपाट पडद्याच्या हेडफोनचा, ओहम सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे उंचवटा मिळत नाहीच, आणि ३७ समोर १२० म्हणजे साडेबारा डीबी आवाज गेला, वर ट्यूबला न झेपणारा करंट. जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमागेही असाच १२० पासून ४७० ओहमपर्यंतचा रेझिस्टर असतो, तिथेही हाच हिशोब.

आवडीप्रमाणे निवड करायची तर ती हेडफोनमध्ये करा. गायन, हार्मोनियम, तानपुरा हे मुख्य असेल तर एचडी ६०० किंवा ६५०. ६०० मध्ये ३ हजार हर्ट्झचा भाग जरा पुढे असतो, तार सप्तकातला बाईचा आवाज दोन तास ऐकला की तो टोचतो. ६५० जरा मऊ. डीटी ९९० मध्ये ८ हजारांच्या वर एक टोक आहे: जवारी सुरुवातीला झळाळते, मग ‘स’ आणि ‘श’ चावतात, आणि जुन्या तबकड्यांची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसते. घेतलाच असेल तर साडेआठ हजारांवर ५ डीबी कमी करा, क्यू (फिल्टरचा पट्टा किती अरुंद ते) ३. ढोलकी, सिनेमातला खालचा बास हवा असेल तर सुंदरासारखा प्लेनार, पण चष्मा लावून ऐकत असाल तर काडीपाशी फट राहते आणि नेमका तोच बास गळतो. एचडी ६५० ला याचा फारसा फरक पडत नाही, कारण ५० च्या खाली त्याच्याकडे गळायलाच फार काही नाही.

आणि पंखा. हे सगळे हेडफोन ओपन बॅक, म्हणजे मागून उघडे; ते बाहेरचं काहीही अडवत नाहीत. तीनवर फिरणाऱ्या पंख्याखाली विलंबित आलाप ऐकायचा तर तुम्ही नकळत आवाज चढवता, आणि मग तक्रार करता की बारीक जागा ऐकू येत नाहीत, अ‍ॅम्प कमी पडतोय. एप्रिलमध्ये पुण्यात पंखा बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही. पण तीस हजार खर्चण्याआधी एक रात्र बंद करून बघा.

अ‍ॅम्प घेतलातच तर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ‘लो’ वर ठेवा. ‘हाय’ वर नॉब आठ वाजल्याच्या पुढे नेता येत नाही, आणि स्वस्त नॉबच्या त्या कोपऱ्यात डावा-उजवा सारखे वाजत नाहीत. गायक एका कानाकडे सरकला की लोक हेडफोन परत पाठवतात, दोष नॉबचा असतो. चार्जर लावल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण आली तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गेली तर ती अर्थचा लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट. अर्थची पिन मोडू नका, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर घ्या.

तेव्हा तुमचा एचडी ६५० आधी येऊ द्या. तुमच्याकडचं सगळ्यात हळू ध्वनिमुद्रण डॉंगलवर लावा, आवाज पूर्ण वर न्या. तरी कमी वाटला तर मला कळवा: ध्वनिमुद्रण कुठलं, ईक्यूचा प्रीअ‍ॅम्प किती, पंखा चालू होता का. मग अ‍ॅम्पचं बोलू.