ओटीबाहेरच्या दोन खोल्या

मागच्या रविवारी आमच्या सर्जनांच्या संघटनेची, नव्या कार्यकारिणीसाठी नावे सुचवण्याची बैठक दादरला झाली. सुचवलेल्या अकरा नावांत एकच स्त्री होती, तीही सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी. मी याकडे लक्ष वेधल्यावर एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, लायक बाई पुढे आली तर आम्हाला आनंदच आहे." सर मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच ही लायकी नेमकी कुठे तयार होते, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

ज्या सार्वजनिक रुग्णालयात मी सर्जरीतले एमएस केले, तिथल्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, व्हरांड्यात कपडे बदलण्यासाठी दोन खोल्या होत्या. एका दारावर 'डॉक्टर' अशी पाटी होती आणि दुसऱ्यावर 'परिचारिका'. पहिल्या खोलीत पुरुष जात, दुसरीत मी. सिस्टरनी आपल्या कपाटातला एक कप्पा मला मोकळा करून दिला होता. त्यांचा तो चांगुलपणा मी विसरलेले नाही. पण दिवसाच्या शस्त्रक्रियांची लिस्ट संपल्यावर युनिटचे बॉस, लेक्चरर आणि बाकीचे रजिस्ट्रार, म्हणजे माझ्यासारखेच शिकाऊ सर्जन, पहिल्या खोलीतल्या बाकावर चहा घेत, आणि तेवढ्या पंधरा मिनिटांत उद्याचा हर्निया कोण करणार, थायरॉइडला पहिला असिस्टंट कोण, परिषदेत पेपर कोण वाचणार, हे सगळे ठरून जाई. मी बाहेर येईपर्यंत फळ्यावर नावे लागलेली असत. कुणी मला मुद्दाम वगळले असे मी म्हणणार नाही. जो समोर बसलेला असतो त्याचेच नाव आधी सुचते. मात्र ज्याला रजिस्ट्रार असताना भरपूर केसेस मिळतात त्याचा हात बसतो, हात बसलेल्याकडे अवघड केस जाते, अवघड केस करणाऱ्याला व्याख्यानाला बोलावतात, आणि वीस वर्षांनी विभागप्रमुख निवडायची वेळ येते तेव्हा त्याचा बायोडेटा माझ्यापेक्षा चार पाने जाड असतो. लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, टाके घालणारा स्टेपलरसुद्धा साडेसहा नंबरचा लहान हातमोजा घालणाऱ्या मला एका हाताने नीट दाबता येत नसे. मी दोन्ही हात लावले की हत्याराच्या मापाऐवजी माझ्या ताकदीची चर्चा होई.

लायक व्यक्ती आधी की जागा आधी, या प्रश्नाचे उत्तर याच शहरात एकदा मिळालेले आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले, ते स्त्री डॉक्टरांनीच चालवायचे असे ठरवून. अनुभवी स्त्री डॉक्टर तेव्हा मुंबईत सहज मिळत नव्हत्या. त्यासाठी डॉक्टर एडिथ पीची इंग्लंडहून आल्या. जबाबदारीची जागा आधी निर्माण झाली आणि त्या जागेने माणसे घडवली. मराठी बोलणाऱ्या चिमुकल्या बेने इस्रायली ज्यू समाजातल्या जेरूशा झिराड यांनी लहानपणी आपल्या बहिणीवर कामा रुग्णालयात झालेले उपचार पाहिले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकून त्या १९२८ ते १९४७ या काळात त्याच रुग्णालयाच्या प्रमुख राहिल्या, आणि १९५० मध्ये फॉग्सीच्या, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी महासंघाच्या, अध्यक्ष झाल्या. सर्जरीच्या वाट्याला असे कामा रुग्णालय आले नाही.

जात आणि धर्म यांबाबत आम्ही डॉक्टर याहूनही कमी बोलतो. मी लेक्चरर असताना आमच्या युनिटमध्ये गडचिरोलीची एक आदिवासी मुलगी रजिस्ट्रार म्हणून आली. तिच्या घरातली ती पहिली डॉक्टर. पहिल्याच आठवड्यात तिला नीटचा रँक विचारण्यात आला, आणि हा प्रश्न कशासाठी विचारतात हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत होते. त्यानंतर तिच्या हाती स्कॅल्पेल कमी आणि फायली जास्त येऊ लागल्या. हे मला दिसत होते, तरी चार महिने मी बॉसपुढे तोंड उघडले नाही, याची बोचणी आजही आहे. २०१९ मध्ये मुंबईतली आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी हिच्या मृत्यूची आणि तिच्या जातीवरून झालेल्या छळाच्या आरोपांची बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी तीच मुलगी आठवली. वरच्या पायरीवर तर वाट आणखी अरुंद होते, कारण मेंदू किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेसारख्या शाखांच्या एमसीएच या एमएसनंतरच्या पदवीच्या बहुतेक प्रवेशांत जातीनिहाय आरक्षण नाही. इमर्जन्सी कॉलला वेळेत पोहोचता यावे म्हणून रुग्णालयाजवळ घर शोधणाऱ्या माझ्या एका मुसलमान सहकाऱ्याला, नुसते नाव ऐकून, तीन सोसायट्यांनी नकार दिला. तो आजही मुंब्र्याहून येतो, आणि ट्रॉमाच्या, म्हणजे अपघातग्रस्तांच्या तातडीच्या उपचारांच्या, कामाची जबाबदारी 'जवळ राहणाऱ्या' दुसऱ्याकडे गेली.

आता युनिट माझ्याकडे आहे. कोणत्या रजिस्ट्रारने कोणती शस्त्रक्रिया स्वतः केली आणि कोणतीत असिस्ट केले, याचा तक्ता दर शनिवारी सूचनाफलकावर लागतो, आणि ज्याचा आकडा मागे असेल त्याला सोमवारची पहिली केस मिळते. सुरुवातीला कुरकुर झाली, आता होत नाही. कायद्याने २०१७ पासून प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आहे. रजेवरून परतलेल्या मुलीला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे करायचे नाही, एवढे तरी आपण विभागात ठरवू शकतो. संघटनेनेही दोन पदे याच वर्षी स्त्रियांसाठी आणि वंचित समाजांतून आलेल्या सर्जनांसाठी ठेवावीत, असे पत्र मी दिले आहे.

आमच्या नव्या ओटी संकुलाचा नकाशा परवा सहीसाठी टेबलावर आला. त्यात व्हरांड्याच्या एका बाजूला 'डॉक्टर' आणि दुसऱ्या बाजूला 'परिचारिका' अशा दोनच खोल्या आखलेल्या आहेत. स्त्री डॉक्टरांसाठी स्वतंत्र खोली आणि सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी चहाची एक जागा लाल पेनाने काढून, सही न करता, मी तो परत पाठवला आहे.